आधी कुठलं कुलूप

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय बाळ,


परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज रडवेला झाला होता. पगार खात्यांत जमा करायची रात्र, सगळ्या कंपन्यांच्या फायली एकदम आलेल्या, आणि तुमची सिस्टीम जागच्या जागी थिजलेली. सर्व्हरचा सीपीयू दोन-तीन टक्क्यांवर, मेमरी मोकळी, डेटाबेस निवांत, तरी एकही काम पुढे सरकेना. अर्ध्या मिनिटाने ‘कनेक्शन मिळालं नाही’ अशा एररची रांग लागायची आणि पुन्हा सगळं स्तब्ध व्हायचं. शेवटी कुणीतरी रीस्टार्ट केलं, गाडी चालू लागली, आणि ‘लोड जास्त होता’ एवढं लिहून तिकीट बंद झालं. तू मला म्हणालीस, “मावशी, डेडलॉक असूच शकत नाही. आमच्या कोडमध्ये एकही लॉक नाही.”

त्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. फोनवर बोलले असते, पण हा विषय एकदा ऐकून हाती लागत नाही. कागदावर असलं की पुन्हा पुन्हा वाचता येईल, शेजारी चित्र काढता येईल.

सगळ्यात आधी एक खूण लक्षात ठेव. लोड जास्त असला की मशीन तापतं. सीपीयू नव्वदीच्या पुढे जातो, डिस्क धापा टाकते, रांगा लांबतात, पण हळूहळू का होईना सरकतात. तुझ्याकडे शांतता होती. मशीन शांत आणि कामं थांबलेली, असं एकत्र दिसलं की कामं कशाची तरी वाट पाहत आहेत असं समज, आणि मग एकच प्रश्न विचार: कोण कोणाची वाट पाहतंय? त्याचं उत्तर, कुठला थ्रेड कुठल्या ओळीवर थांबला आहे हे दाखवणाऱ्या थ्रेड डंपमध्ये असतं. तो घेतल्याशिवाय रीस्टार्ट करू देऊ नकोस. पंचनामा न करता जागा धुऊन टाकली, तर पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा उभं राहावं लागतं.

तू सांगितलंस त्यावरून मी वहीत मांडून पाहिलं. तुमच्या डेटाबेस कनेक्शनच्या पूलमध्ये १० कनेक्शन आहेत. पगाराची प्रत्येक नोंद एक ट्रान्झॅक्शन उघडते आणि एक कनेक्शन घेते. मधेच ऑडिटची नोंद करायची असते. मूळ काम फसून रोलबॅक झालं तरी ऑडिट टिकावं म्हणून कुणीतरी ते वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये टाकलं. हेतू अगदी योग्य होता. पण त्या वेगळ्या ट्रान्झॅक्शनला दुसरं कनेक्शन लागतं. एरवी दिवसभर कुणाच्या लक्षातही येत नाही. पगाराच्या रात्री मात्र दहा कामं एकाच क्षणी आत शिरली, दहांनी आपापलं पहिलं कनेक्शन घेतलं, पूल रिकामा झाला. आता प्रत्येकाला दुसरं हवं. ते कधी मिळणार? दहांपैकी एखाद्याने काम संपवून आपलं परत केलं तर. तो काम कधी संपवणार? त्याला दुसरं मिळालं तर. कुलूप कुठेच नाही, कोंडी मात्र पूर्ण. डेटाबेसलाही त्याची गंधवार्ता नसते. त्याच्या बाजूने दहा कनेक्शन उघडी आहेत आणि कुणी काही मागत नाही, एवढंच. अर्ध्या मिनिटाने पूलचा धीर सुटून दहाही कामं फसायची, आणि मोकळी झालेली कनेक्शन रांगेतले पुढचे दहा घ्यायचे. रीस्टार्टने काही बरं केलं नाही. तोवर गर्दी ओसरली होती.

आपल्याकडे म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. डेडलॉकची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. तिच्यात लॉक हा शब्द नाही, याकडे लक्ष दे. वाट पाहण्याचं वर्तुळ पुरं झालं की झालं. वस्तू कुलूप असो, कनेक्शन असो, थ्रेड पूलमधला थ्रेड असो, की रांगेतली जागा. म्हणून ‘लॉक नाही म्हणजे डेडलॉक नाही’ हे वाक्य डोक्यातून कायमचं काढून टाक.

हे संकट नवं नाही. १९६५ साली एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने परीक्षेत विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता: पाच कॉम्प्युटर, त्यांच्यात वाटून वापरायचे टेप ड्राइव्ह, आणि सगळे अडकू नयेत अशी व्यवस्था. पुढे टोनी होर यांनी त्याला गोल टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं रूप दिलं. पाच जण, दोघांच्या मध्ये एक असे पाच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला दोन लागणार. पाचांनी एकदम डावीकडचा काटा उचलला की सगळे उपाशी. १९६५ च्याच टिपणांत डायक्स्ट्रा यांनी या अवस्थेला जे नाव दिलं, त्याला मराठीत मी मरणमिठी म्हणते.

त्या टेबलावरचा एक उपाय तुझ्या पूलला जसाच्या तसा लागू पडतो: खुर्च्या पाच असल्या तरी एका वेळी चौघांनाच बसू द्यायचं. मग एकाला तरी दोन काटे मिळतातच. तो जेवून उठतो आणि काटे सुटतात. हिशोब असा. प्रत्येक कामाला जितकी कनेक्शन लागतात त्यातून एक वजा कर, एका वेळच्या कामांच्या संख्येने गुण, आणि वर एक मिळव. दहा कामं, प्रत्येकी दोन कनेक्शन, तर दहा गुणिले एक अधिक एक, म्हणजे ११. प्रत्येक जण एकेक धरून अडला तरी अकरावं कुणाला तरी मिळतं आणि गाठ सुटते. तुमच्या सर्व्हरमध्ये एका वेळी दोनशे विनंत्या शिरू शकत असतील तर याच हिशोबाने २०१ कनेक्शन लागतील, आणि ती देणं शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा दारावरच थांबव: पूल १० चा असेल तर एका वेळी ९ कामांनाच आत घे.

याहूनही चांगला उपाय म्हणजे एका कामाला एकाच वेळी दोन कनेक्शन लागूच न देणं. मूळ ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी ‘प्रयत्न सुरू’ अशी ऑडिटची नोंद करून ते कनेक्शन परत द्या. मूळ काम झालं किंवा फसलं, की त्याचं कनेक्शन सोडल्यावर निकालाची दुसरी नोंद करा. दोन्ही नोंदी टिकतात आणि हातात एक धरून दुसऱ्यासाठी हात पसरण्याची वेळ येत नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

मी १९८४ साली बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून लागले तेव्हा सगळा कारभार हाताने चालायचा. लेजर एक, त्या दिवसाच्या व्हाउचरची गड्डी एक, आणि दोन्ही लागणाऱ्या आम्ही दोघी. कधी लेजर माझ्यापुढे असायचं आणि गड्डी तिच्यापुढे. मी गड्डीची वाट पाहायची, ती लेजरची. पण आम्ही मान वर करून एकमेकींकडे पाहत होतो. “दे गं जरा” म्हटलं की सुटलं. प्रोग्रामला मान वर करता येत नाही. तो ज्या ओळीवर थांबला त्या ओळीवर जन्मभर थांबेल, समोरचा आपलीच वाट पाहतोय हे त्याला कधीही कळणार नाही. माणसं प्रसंगी समजुतीने जे निभावतात, ते प्रोग्रामसाठी आधी बसून ठरवावं लागतं. या विषयातला सगळा अभ्यास त्यासाठीच आहे.

१९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी एका लेखात दाखवलं की कोंडी व्हायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली न सोडता दुसरी मागितली जाते. हातातली कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ होतं. चारांतली एक मोडली की कोंडी अशक्य. परीक्षेत तू हे लिहिलंच असशील. प्रत्यक्षात यातली कुठली मोडणं आपल्या हातात आहे, ते ओळखायला मला मात्र पुष्कळ वर्षं लागली. पहिली बहुधा मोडत नाही. खात्याची शिल्लक दोघांनी एकदम बदलायची नसते, लॉक असतो तो त्याचसाठी. दुसरी कधी कधी मोडते, आत्ता पूलच्या बाबतीत मोडली तशी. तिसरीबद्दल सावध राहा. अडकलेल्याच्या हातातून लॉक काढून घेतला तर अर्धवट बदललेला डेटा उघडा पडतो. जावामध्ये थ्रेड जबरदस्तीने थांबवायची जुनी सोय याच कारणाने बाद ठरवली गेली. राहिली चौथी, वर्तुळाची. ती जवळजवळ नेहमी आपल्या हातात असते, आणि तिचा उपाय म्हणजे क्रम.

खात्यांचंच उदाहरण घे. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर दोन्ही खाती लॉक करावी लागतात. सरळ मनाने लिहिणारा आधी देणाऱ्याचं आणि मग घेणाऱ्याचं खातं लॉक करतो. ४१२ मधून ८७५ मध्ये आणि त्याच क्षणी ८७५ मधून ४१२ मध्ये पैसे निघाले, की पहिला ४१२ धरून ८७५ ची वाट पाहतो, दुसरा ८७५ धरून ४१२ ची. आता नियम कर: पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान नंबरचं खातं आधी. दोघेही ४१२ च्या दारात येतात, एकाला मिळतं, दुसरा रिकाम्या हाताने थांबतो. रिकाम्या हाताने थांबणारा कुणाला अडवत नाही. खाती दोन असोत की दोनशे, नियम तोच, कारण सगळे एकाच दिशेने जिना चढत असतात. सगळ्यात वरच्या पायरीवर जो आहे तो खालच्या पायरीसाठी कधीच थांबलेला नसतो, म्हणून तो तरी पुढे जातोच, आणि त्याच्यामागून बाकीचे सुटतात.

नियम एका ओळीचा आहे, पण फसायच्या जागा खूप आहेत. देणारं आणि घेणारं खातं एकच असेल तर? तोच थ्रेड साधा म्युटेक्स लॉक दुसऱ्यांदा मागेल आणि स्वतःचीच वाट पाहत बसेल. ते आधी तपास. शंभर खात्यांचे रो एकदम लॉक करतेस, तेव्हा ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ला ‘ऑर्डर बाय’ लाव. न लावल्यास डेटाबेस त्याला सोयीच्या क्रमाने जातो. इंडेक्स नसलेल्या कॉलमवर अट घालून अपडेट केलंस, तर मायएसक्यूएलमध्ये नेहमीच्या सेटिंगला वाटेत वाचलेले सगळे रो लॉक होतात, आणि तुझा क्रम कागदावरच राहतो. आणखी एक जागा कुणालाच दिसत नाही. खात्याशी फॉरेन की असलेल्या टेबलमध्ये नोंद घातलीस की मायएसक्यूएल त्या खात्याच्या रोवर शेअर्ड लॉक घेतं. दोघांनी एकाच खात्यासाठी नोंद घातली, दोघांना शेअर्ड लॉक मिळाला, आणि मग दोघांनाही शिल्लक बदलायला पूर्ण लॉक हवा. वस्तू एकच, तरी कोंडी. उपाय पुन्हा क्रमाचाच: आधी खात्याचा रो ‘फॉर अपडेट’ घे, नोंद मग घाल.

हे मी इतकं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. १९९८ च्या मार्चमध्ये मी एका बँकेच्या संगणक विभागात होते. आमचे प्रोग्राम कोबॉलचे, थेट फायलींवर चालणारे. रोलबॅकची सोय नव्हती. व्याज जमा करणारा प्रोग्राम आधी ग्राहकाचं खातं लॉक करायचा, मग व्याजाचं हेड, म्हणजे बँकेचं व्याजखर्चाचं खातं. दुरुस्तीच्या नोंदींचा प्रोग्राम आधी हेड घ्यायचा, मग खातं. महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही एकदम चालले की अडकायचे. आम्ही ऑपरेटरला चिठ्ठी लिहून ठेवली होती: अडकलं तर दुरुस्तीचा प्रोग्राम बंद करा. तो बहुधा पहिल्याच नोंदीवर अडकलेला असायचा, त्यामुळे निभावत होतं. ३१ मार्चच्या रात्री चुकून व्याजाचा बंद झाला. काही खात्यांत व्याज पडलं होतं, हेडला त्याची नावे नोंद नव्हती. ताळा जुळवायला आम्हाला दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या. त्यातला एक प्रोग्राम मी लिहिला होता, दुसरा माझ्याआधी तीन वर्षं तिथे असलेल्या एका काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाने. दोन्ही प्रोग्राम आम्ही ओळ न् ओळ तपासले. एकातही चूक नव्हती. चूक दोघांच्या मध्ये होती, आणि तिथे लक्ष ठेवायची जबाबदारी कुणालाच दिलेली नव्हती.

म्हणून तुमच्या टीममध्ये ‘हे कुणी लिहिलं’ अशी चौकशी सुरू झाली तर तिथेच थांबव. कोंडीला दोषी ओळ नसते. क्रम हा सगळ्यांचा करार आहे. तो एकाच्या डोक्यात असेल तर तो नसल्यासारखाच. लिनक्सच्या कर्नलमध्ये मेमरीच्या भागातल्या काही फायलींच्या माथ्यावरच कुठल्या लॉकच्या आत कुठला लॉक घ्यायचा त्याची उतरंड लिहून ठेवली आहे. जगभरातले लोक तिथे हात घालतात, आणि त्यांना तो करार वाचायला मिळतो. २००६ पासून त्याच कर्नलमध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं लॉकडेप नावाचं हत्यार आहे. चाचणी करताना ते चालू ठेवलं, की कुठला लॉक धरून कुठला मागितला गेला हे ते टिपत राहतं. सकाळी कुणी क नंतर ख घेतला आणि संध्याकाळी दुसऱ्याने ख नंतर क घेतला, तर प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही ते ओरडून सांगतं. मला त्यातली दृष्टी फार आवडते. अपघाताची वाट न पाहता, अपघात शक्य आहे एवढ्यावरच इशारा. तुमच्याकडे असं हत्यार नसेल तर निदान टेस्टमध्ये लॉकचा क्रम तपासणारं छोटं वेष्टन लिहा. दोन दिवसांचं काम आहे.

कोंडी आधीच टाळणारा पुस्तकातला बँकर्स अल्गोरिदमही डायक्स्ट्रा यांचाच. त्यांचा बँकर फ्लोरिन वाटायचा, आपण लाखांत बोलू. भांडवल २० लाख. पहिल्या ग्राहकाची मर्यादा १५, उचललेले ८; दुसऱ्याची ६, उचललेले ३; तिसऱ्याची १४, उचललेले ४. गल्ल्यात ५ उरले. तिसरा आणखी २ मागतो. गल्ल्यात आहेत, पण दिले तर ३ उरतात. त्यात दुसऱ्याचं काम पुरं होऊन ६ हाती येतात, आणि पुढे पहिल्याला ७ व तिसऱ्याला ८ हवेत. कुणालाच पुरे पडत नाहीत. म्हणून पैसे असूनही आत्ता नाही म्हणायचं. विचार सुंदर आहे, पण प्रत्येकाने आपली कमाल गरज आधी सांगावी लागते, आणि तुझ्या सर्व्हरवर येणारी विनंती ते सांगत नाही. समजून घे, वापरायला जाऊ नकोस.

डेटाबेस मात्र तुला एक मदत करतो. त्याच्या स्वतःच्या लॉकचं वर्तुळ त्याला दिसतं. पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगला एक सेकंद थांबून शोध घेतो. मायएसक्यूएलमधला इनोडीबी वाट पाहायची वेळ येताच शोधतो आणि सापडल्यास एका ट्रान्झॅक्शनचा बळी देतो, शक्यतो ज्याने कमी रो बदलले आहेत त्याचा. तुझ्या लॉगमध्ये १२१३ नंबरची एरर दिसली तर ती हीच. ती गिळून टाकू नकोस आणि फक्त शेवटची ओळ पुन्हा चालवू नकोस. ट्रान्झॅक्शन पूर्ण मागे गेलेलं असतं, म्हणून ते पहिल्यापासून पुन्हा चालव. प्रत्येक प्रयत्नाआधी थोडा वेळ थांब, आणि तो वेळ दर वेळी वेगळा ठेव. सगळे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा एकदम येऊन आदळतात. दोन-तीन प्रयत्नांनंतर सोडून दे. आणि पगाराच्या नोंदीला स्वतःचा क्रमांक ठेव, म्हणजे पुन्हा चालवताना कुणाच्या खात्यात पगार दोनदा पडणार नाही. अशा एरर महिन्यात किती आल्या ते मोजत जा. संख्या वाढली तर कुणीतरी क्रम मोडला आहे.

लॉक धरून नेटवर्कवर जाऊ नकोस. पेमेंट गेटवेचं उत्तर येईपर्यंत खातं धरून ठेवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती आपल्या घराची किल्ली देणं. तसंच, लॉक धरलेला असताना दुसऱ्या कुणाचं फंक्शन बोलावताना ते आत काय काय लॉक करतं हे वाचून घे.

तिकीट बंद झालं आहे म्हणून गप्प बसू नकोस. तू नवी आहेस, वरिष्ठांपुढे बोलायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा पगाराची रात्र आहे, आणि त्या पैशांवर कुणाचं घरभाडं, कुणाचं औषध अवलंबून आहे. उद्या सोमवारी पूल २ चा करून तीन विनंत्या एकदम सोड. तुझ्याच मशीनवर कोंडी होईल आणि तुला वाद घालावा लागणार नाही, नुसतं दाखवावं लागेल. मग सगळ्यांना बसवून तुमच्याकडच्या वाटून घ्यायच्या वस्तूंची यादी करा: खाती, हेड, कनेक्शन, थ्रेड. त्यांना नंबर द्या, आणि तो कागद कोडच्या शेजारी ठेवा, जिथे नव्याने आलेल्या मुलालाही तो पहिल्या दिवशी दिसेल. तो लिहून झाला की त्याचा फोटो मला पाठव. मी वाट पाहते.

तुझी,
मावशी